अच्युत पोतदार, त्यांची नोकरी आणि सव्वाशे सिनेमे

स्लो लोकल (धागाकर्ता)

परवा सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीबद्दल मी सविस्तर निवेदन टाकलं. चार परिच्छेद, मुद्देसूद, टँकरच्या बिलांसकट. दोन मिनिटांत बी विंगमधल्या एका पोराचा स्टिकर आला. वर्गात उभा असलेला वैतागलेला प्रोफेसर आणि खाली ‘अरे कहना क्या चाहते हो?’ लगेच बत्तीस जणांनी हसरे चेहरे चिकटवले. टाकी राहिली बाजूला.

संध्याकाळी लिफ्टपाशी तो पोरगा भेटला तेव्हा विचारलं, बाबा रे, हा माणूस कोण ते माहिताय का तुला?
‘थ्री इडियट्सवाला प्रोफेसर ना, काका.’
नाव?
‘नाव... नाही बुवा. कॅरेक्टर आर्टिस्ट आहेत ते.’
होते, म्हटलं. १८ ऑगस्ट २०२५ ला ठाण्यात गेले.

तो ओशाळला, मलाही उगाच बोललो असं झालं. म्हणून हा धागा.

प्रसंग सगळ्यांना पाठ असेल. वर्गातून हाकलून दिलेला रँचो परत येतो. का आलास, तर काहीतरी विसरलं म्हणून. काय विसरलं, तर ‘पुस्तक’ असं न म्हणता तो पुस्तकाची लांबलचक इंग्रजी व्याख्या एका दमात म्हणून दाखवतो. प्रसंग आमिर खानचा आहे, व्याख्याही त्याचीच. हशा मात्र पिकतो पोतदारांच्या वाक्यावर. त्या वाक्यात रागापेक्षा गोंधळ जास्त आहे. दुसऱ्या कुणी तिथे नुसता आवाज चढवला असता. तिथे ‘ह्या पोराने मला कुठे आणून सोडलं’ हा भाव हवा होता आणि तो त्यांनी दिला. सिनेमा २००९ चा, म्हणजे तेव्हा पोतदार ७५ वर्षांचे.

आता मजा बघा. हा माणूस खरोखरच प्रोफेसर होता. जन्म २२ ऑगस्ट १९३४, जबलपूरचा. वाढले इंदूरला. मध्य प्रदेशातल्या रेव्याला प्राध्यापकी केली. मग सैन्यात गेले आणि १९६७ साली कॅप्टन म्हणून बाहेर पडले. पुढे इंडियन ऑइलमध्ये जवळजवळ २५ वर्षं अधिकारी. १९९२ साली ५८ व्या वर्षी रीतसर निवृत्ती. सिनेमात काम करायला लागले तेव्हा वय ४४!

म्हणजे पहिली बारा-चौदा वर्षं हा माणूस तेल कंपनीत नोकरीला होता, आणि त्याच वर्षांत ‘आक्रोश’ (१९८०), ‘अर्धसत्य’ (१९८३), ‘तेजाब’ (१९८८), ‘परिंदा’ (१९८९) यांत दिसत होता. दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ आणि ‘वागळे की दुनिया’, दोन्ही १९८८ ची. निवृत्तीनंतर तर धबधबाच. ‘रंगीला’त ऊर्मिलाचे वडील, ‘परिणिता’त विद्या बालनचे मामा, शिवाय ‘इश्क’, ‘वास्तव’, ‘हम साथ साथ हैं’, ‘लगे रहो मुन्नाभाई’, ‘दबंग २’, मराठीत ‘व्हेंटिलेटर’. एकूण सव्वाशेच्या वर.

लोकांना ह्या यादीत सिनेमे दिसतात, मला रजेचा अर्ज दिसतो. मी स्वतः ३१ वर्षं सरकारी कचेरीत काढली. शूटिंग गुरुवारी म्हणून गुरुवारची रजा टाकायची, ते शनिवारवर गेलं की साहेबांसमोर पुन्हा उभं राहायचं, हे काय प्रकरण असतं ते कल्पनेनेच कळतं.

माझं म्हणणं एवढंच. दुय्यम भूमिका करणाऱ्या नटाला अभिनय यायला हवा हे खरं, पण त्याच्याही आधी त्याच्या घरी एक तारखेला पगार यायला हवा. नायकाला वर्षात एक सिनेमा पुरतो. ह्यांना दोन दिवसांचं काम मिळतं, त्यातला एक दिवस रद्द होतो, उरलेल्यातला अर्धा एडिटिंगमध्ये जातो. ज्याची चूल त्यावर चालत नाही तोच चाळीस वर्षं चेहरा प्रसन्न ठेवून उभा राहू शकतो. पोतदारांच्या पडद्यावरच्या वावरात जो निवांतपणा आहे ना, तो मला इंडियन ऑइलचा वाटतो. बोला.

तिसरी घंटा

उत्तम धागा. आणि पगाराचा मुद्दा एकट्या पोतदारांपुरता नाही.

‘आक्रोश’चीच पाटी (श्रेयनामावली) बघा. लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. त्यात अमरीश पुरी, ज्यांनी राज्य कामगार विमा महामंडळात वीसेक वर्षं नोकरी केली. डॉ. मोहन आगाशे, मानसोपचारतज्ज्ञ. महेश एलकुंचवारही आहेत त्यात, नट म्हणून, आणि एरवी नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. त्यांत हे इंडियन ऑइलवाले. समांतर सिनेमाचे पैसे कुणी घातले यावर पुष्कळ लिहून झालंय. त्यातल्या नटांचे पगार कुठकुठल्या कचेऱ्यांनी दिले हेही एकदा कुणीतरी मांडायला हवं.

बँकांचा हिशेब तर वेगळाच. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात. अशोक सराफ स्टेट बँकेत. शिवाजी साटम सेंट्रल बँकेत कॅशियर, आणि आंतरबँक नाट्यस्पर्धेतच बाळ धुरींच्या नजरेत भरले. ‘वागळे की दुनिया’त वागळे झालेले अंजन श्रीवास्तव अलाहाबाद बँकेत. आर. के. लक्ष्मणांचा कारकून पडद्यावर इतका खरा का वाटला, तर तो माणूस दिवसा लेजरच लिहीत होता!

आंतरबँक स्पर्धा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ते हौशी सोंग नव्हतं. संध्याकाळी साडेसहाला कॅन्टीनमधली टेबलं बाजूला सारून तालीम सुरू व्हायची ती शेवटच्या गाडीपर्यंत. दिग्दर्शक बाहेरून बोलावलेला, तालमीत चपला फेकणारा. मॅनेजर असो की शिपाई, तालमीत सगळे अरेतुरे. माझ्या शाखेतला एक शिपाई नाटकात जमीनदार व्हायचा आणि आमचे अकाउंटंट त्याचे पाय चेपायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ‘साहेब’.

इंदुरी पोहे

आमच्या गावचा माणूस, म्हणून राहवलं नाही.

मुंबईतल्या मराठी नटांना हिंदीत बरेचदा मराठीच भूमिका मिळतात. हवालदार, कामवाली, गिरणी कामगार. कारण हिंदी बोलताना ‘च’ आणि ‘ज’ पकडले जातात. पोतदार वाढले इंदूरला. आम्ही घरी मराठी आणि ओट्यावर हिंदी बोलत मोठे होतो, दोन्हींत अडखळत नाही. (आमची मराठी पुणेकरांना चालत नाही ही गोष्ट वेगळी. ‘मी येऊन राहिलो आहे’ म्हटलं की तुमच्या भुवया वर जातात.) म्हणून तर ते ‘परिणिता’त कलकत्त्याचे गुरुचरण होऊ शकले आणि ‘रंगीला’त मुंबईचे जोशी. ही सोय लहान नाही. नोकरीने त्यांना थांबण्याची मुभा दिली असेल, पण दार उघडलं ते भाषेने. धागाकर्त्यांनी हे विचारात घ्यावं.

मालिकाग्रस्त

मी ‘माझा होशील ना’ची पंखा, सांगून टाकते. २०२०-२१, झी मराठी. आदित्यच्या घरात सगळे पुरुषच. चार मामा, चार तऱ्हांचे, आणि सगळ्यांच्या डोक्यावर अप्पा. ते अप्पा म्हणजे अच्युत पोतदार. विद्याधर जोशी, सुनील तावडे, निखिल रत्नपारखी, विनय येडेकर अशी चार दांडगी मंडळी एका फ्रेममध्ये वाक्यांची फेकाफेक करत असायची आणि अप्पा मधे खुर्चीत. बोलायचे कमी, पण नजर मात्र अप्पांवर जायचीच. आमच्या सासूबाई तर ‘अप्पा आले का?’ एवढंच विचारायला स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या. तेव्हा त्यांचं वय ८५ च्या पुढे होतं.

आणि आठवतंय का, मालिका सुरू झाली मार्चमध्ये आणि लगेच लॉकडाऊन. मे अखेरीस राज्य सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली, पण अट अशी की ६५ च्या पुढच्या कुणालाही सेटवर आणायचं नाही. म्हणजे राज्यात चित्रित होणाऱ्या मालिकांतले सगळे आजी-आजोबा एका फटक्यात घरी! आमच्या आवडत्या मालिकांत तेव्हा आजी ‘गावाला’ गेल्या होत्या आणि महिनोन्‌महिने फोनवरच बोलत होत्या. शेवटी सत्तरीच्या एका कलाकाराने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. ६५ चा दुकानदार गल्ल्यावर बसू शकतो, मग त्याच वयाच्या नटानेच घरी का बसायचं, असा साधा सवाल होता.

शंकासुर

सगळे गोड बोलताहेत म्हणून जरा कडू बोलतो.

पहिलं. नोकरीचा एवढा गौरव करू नका. डॉ. लागूंनी १९६९ साली चालता दवाखाना सोडला, बेचाळिशीत. अमरीश पुरींनीही शेवटी नोकरी सोडलीच. ज्यांनी उडी मारली त्यांची नावं लोकांना माहीत आहेत. ज्यांनी नोकरी सांभाळली त्यांचा स्टिकर झाला. तुमच्या त्या बी विंगच्या पोराची काय चूक?

दुसरं जरा जास्त टोचेल. पगारदार नट येतो तो हौसेने. पैसे किती मिळतील याची त्याला फिकीर नसते. प्रॉडक्शनवाला म्हणतो, बघा, अमुक साहेब एवढ्याशा पैशांत करतात, तुम्हीच कसे जास्त मागता? नुकसान कुणाचं? ज्याला दुसरं उत्पन्न नाही त्याचं. ए. के. हंगलांना २०११ साली आजारपणात औषधांच्या खर्चासाठी इतरांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं. पद्मभूषण मिळालेला माणूस, ‘शोले’तला रहीम चाचा, शे-दोनशे सिनेमे गाठीशी. त्यांनीही तरुणपणी शिंपीकाम करून पोट भरलं होतं. फक्त त्यांच्या शिंपीकामाला पेन्शन नव्हतं.

स्लो लोकल

शंकासुर, शेवटचं वाक्य माझ्याच बाजूने गेलं की तुमचं! पेन्शन नव्हतं म्हणून हंगलांवर ती वेळ आली, हेच मी म्हणतोय.

दर पाडण्याचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात आला नव्हता. त्या क्षेत्रातलं कुणी आहे का इथे?

कॉलशीट

मी आहे. नाव विचारू नका, चेहरा तुम्ही पाहिला असेल. मालिकेतली काकू, शेजारीण, सरकारी वकील, डॉक्टर (‘सॉरी, आम्ही प्रयत्न केले’ हे वाक्य मी सात मालिकांत म्हटलंय). सतरा वर्षं झाली.

शंकासुर अर्धे बरोबर आहेत. दर पडतात, पण पगारदारामुळे नव्हे. दर पडतात ते रांग मोठी असते म्हणून. मी नाही म्हटलं तर माझ्यासारख्या चाळीस काकवा आहेत, आणि त्यांच्यातल्या निम्म्या माझ्या मैत्रिणी आहेत.

आता काम कसं चालतं ते ऐका, मग नोकरीवर चर्चा करा.

को-ऑर्डिनेटरचा फोन येतो. ‘उद्या-परवा काय करताय?’ कधीच ‘पुढच्या आठवड्यात’ नाही. तारीख दिली की दुसरीकडे नाही म्हणायचं. रात्री साडेअकराला मेसेज येतो, ‘ताई, उद्याचं पॅकअप झालं, परवा बघू.’ परव्याचा फोन येतच नाही. ठरलं तर कॉल सकाळी सातचा, घोडबंदर रोडला किंवा मढला. मी राहते विरारच्या बाजूला, म्हणजे उठायचं साडेचारला. मेकअप होऊन साडेआठला तयार. पहिला शॉट दुपारी तीनला. मधले सहा तास साडी चुरगळू न देता बसायचं, ह्याचे पैसे देतात खरं तर. अभिनय फुकटच!

सीन हातात येतो सकाळी, कधी कधी मेकअप चालू असताना, मोबाइलवर. नायक-नायिकेची पानं आधी. मास्टर (अख्खा सीन एका चौकटीत) घेतात, मग सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा), मग क्लोज (नुसता चेहरा). क्लोज कुणाचे आधी? मोठ्यांचे. त्यांना जायचं असतं. आमचा क्लोज सगळ्यांत शेवटी, रात्री नऊच्या सुमाराला, तोवर समोर कुणीच उरलेलं नसतं. सहायक दिग्दर्शक मुलगा हातात कागद घेऊन नायिकेची वाक्यं सपाट आवाजात वाचतो. ‘आई मला माफ कर, मी चुकले’ हे दाढीवाल्या बावीस वर्षांच्या पोराच्या तोंडून ऐकून, कॅमेऱ्याच्या कडेला चिकटवलेल्या टेपच्या तुकड्याकडे बघून तुम्ही डोळ्यांत पाणी आणायचं असतं. आणि ते मी आणते. एका टेकमध्ये. कारण दुसरा टेक मागायची आमची पत नाही, आणि सगळ्यांची शेवटची लोकल चुकत असते.

पैसे नव्वद दिवसांनी. हा आमच्या धंद्याचा रिवाज आहे. म्हणजे गणपतीत केलेल्या कामाचे नाताळच्या आसपास, टीडीएस आणि को-ऑर्डिनेटरचं कमिशन कापून. एका निर्मात्याकडे (नाव नाही घेत) माझे अकरा दिवसांचे पैसे चार वर्षं अडकलेत. सिंटाकडे, म्हणजे कलाकारांच्या संघटनेकडे, तक्रार केली. तिथल्या लोकांनी फोन केले, पत्रं पाठवली. पण त्या कंपनीने तोवर नाव बदलून दुसरी मालिका सुरू केली होती. आणि सांगू का, त्या दुसऱ्या मालिकेत मला बोलावलं तर मी गेले. तीन दिवस. जज्जाची भूमिका होती.

तेव्हा स्लो लोकल काका, तुमच्या ‘निवांतपणा’बद्दल. पोतदारांबरोबर माझं काम नाही झालं. पण सेटवर नोकरीवाला नट लगेच ओळखू येतो. तो जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचतो. आम्ही फोन वाचतो.

तिसरी घंटा

शेवटच्या दोन ओळी वाचून बराच वेळ गप्प बसलो.

शंकासुर

कॉलशीट ताई, दंडवत. माझा दुसरा मुद्दा मागे. पहिला ठेवतो, थोडा तरी.

निवांत

मी इथे वाचनमात्र असते, पण हे सांगायलाच हवं.

बँका आणि कचेऱ्या म्हटलं की वर सगळी पुरुषांचीच नावं आली. पालेकर, सराफ, साटम, श्रीवास्तव. आता धागाकर्त्यांनी उल्लेख केलेला ‘रंगीला’च घ्या. १९९५. मिली जोशीचे वडील पोतदार, आणि आई? रीमा लागू. रीमाताईंनीही युनियन बँकेत दहाएक वर्षं नोकरी केली होती, आंतरबँक कार्यक्रमांत भाग घेत घेत. म्हणजे पडद्यावरचं ते जोशांचं मध्यमवर्गीय घर बघा कसं होतं. बाबा इंडियन ऑइलमधून निवृत्त, आई युनियन बँकेतून बाहेर पडलेली. रामगोपाल वर्मांनी ठरवून केलं असेल असं नाही, पण त्या घराला कुठे खोटेपणाचा वास येत नाही तो ह्यामुळे. पोरगी नाचायला जाते म्हटल्यावर आईबापांच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसते ती पगारदार माणसांची आहे.

फरक एवढाच की रीमाताई ‘मैंने प्यार किया’त सलमानची आई झाल्या तेव्हा त्यांचं वय होतं ३१. पोतदारांना वडील व्हायला साठी गाठता आली. बायकांना आई करायची घाई असते सगळ्यांना.

आणि साडेसहाची तालीम. तिसरी घंटा यांनी छान लिहिलंय, पण साडेसहा ते शेवटची गाडी ह्या वेळात घरी कुकर कोण लावत होतं? मी स्वतः एका कचेरीच्या स्पर्धेत १९८७ साली नायिकेचं काम केलं. बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी मुलगी झाली, मग नाही केलं. कुणी नको म्हटलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मालिकाग्रस्त

निवांत ताई +१. आणि ते ३१ वयाचं गणित आत्ता करून पाहिलं. १९५८ चा जन्म, १९८९ चा सिनेमा. खरंच की!

घड्याळजी

एक किरकोळ दुरुस्ती सुचवतो. बऱ्याच बातम्यांत पोतदार ‘९१ व्या वर्षी’ गेले असं नीट छापलंय, काहींनी मात्र ‘वय ९१’ लिहिलंय. २२ ऑगस्ट १९३४ ते १८ ऑगस्ट २०२५ म्हणजे ९० पूर्ण, ९१ ला चार दिवस कमी. प्रमाणपत्रावर काय लिहिणार? ९०.

स्लो लोकल

घड्याळजी, तुम्ही आमच्या आस्थापना शाखेत होतात का हो कधी?

घड्याळजी

लेखा. पण कळलं मला तुम्हाला काय म्हणायचंय.

इंदुरी पोहे

म्हणजे कहना क्या चाहते हो!

(प्रकाटाआ, म्हणजे ‘प्रतिसाद काढून टाकला आहे’, करणार होतो, राहू दे.)

पितळी डबा

उशिरा येतोय. धागा वाचून माळ्यावरची एक पिशवी काढली, म्हणून वेळ लागला.

माझे मोठे काका पोस्टात होते, परळला. नाव सांगून उपयोग नाही, कुठल्याही पाटीवर ते आलेलं नाही. १९७४ ते १९९३ या काळात त्यांनी हिंदी-मराठी मिळून छत्तीस सिनेमांत काम केलं. बहुतेक वेळा पोलीस, दोनदा न्यायाधीश, एकदा प्रेत. ह्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा, तर त्यांची वही माझ्यासमोर आहे. पोस्टाचीच, तांबड्या कापडी पुठ्ठ्याची. डावीकडे तारीख, मग रजेचा प्रकार, मग भूमिका, मग वाक्यं किती, मग रुपये, आणि शेवटी ‘दिसलो / नाही’.

थोड्या नोंदी जशाच्या तशा:

‘किरकोळ रजा १. हवालदार. वाक्य १ (चला). ४० रु. दिसलो, पाठमोरा.’

‘अर्धी रजा. वरातीतला पाहुणा. वाक्य नाही. जेवण चांगले. नाही.’

‘किरकोळ रजा २. इन्स्पेक्टर. वाक्ये ४. १५० रु. आवाज दुसऱ्याचा.’

‘रजा नामंजूर. गेलो नाही. जज्ज होता.’

ह्या शेवटच्या नोंदीखाली दोनदा रेघ मारली आहे, एवढी जोरात की मागच्या पानावर उमटली आहे.

धागाकर्ते म्हणतात तसा पगार होता म्हणून काका वीस वर्षं टिकले हे खरं. पण तो जज्जही पगारापायी गेला. कॉलशीट ताईंनी ‘जज्जाची भूमिका होती’ लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

‘दिसलो / नाही’चा रकाना आम्ही लहानपणी भरून द्यायचो. नवीन सिनेमा लागला की काका आम्हा सहा पोरांना घेऊन भारतमाताला जायचे, पुढच्या रांगेत. जो आधी ओळखेल त्याला चार आणे. आवाज दुसऱ्याचा असला तर दोन आणे. बाहेर आल्यावर उसाचा रस, आणि काका तिथेच उभ्याउभ्या वहीत लिहायचे.

कॉलशीट

पितळी डबा, त्या वहीचा फोटो टाकाल का? नावं झाकून. एकच पान चालेल, ते ‘जेवण चांगले’वालं.

पितळी डबा

टाकतो उद्या. आत्ता दिवे गेलेत इथे.